भुंगा आला का बसाचं

समोर आलेल्या माणसाचा चेहरा काका आधी बघत नसत. पाय बघत. म्हातारा असो, कॉलेजातली पोरगी असो की एखादा बडा अधिकारी, नजर थेट जमिनीवर, मग सावकाश वर. नवख्याला वाटायचं, हा माणूस लाजतोय की काय. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "चेहऱ्याले सवय असते सिस्टर. तो हासून बी दाखवते. पायाले खोटं बोलता येत नाई. भेव लागलं का बोटं आवळून घेते."

मी मोहाडीची. भंडाऱ्याच्या एका खाजगी हार्टच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले, तेव्हा माझ्याही पायांची अशीच तपासणी झाली. "डाव्या पायाची चप्पल चावून राहिली तुमाले. उद्या दुसरी घालून या. ज्याचे पाय दुखते तो दुसऱ्याकडे लक्ष देत नाई," एवढं बोलून ते कामाला लागले. ना नाव विचारलं, ना गाव. मला संताप आला होता. दुसऱ्या दिवशी मात्र मी चप्पल बदलून गेले.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. खोलीत एक लांबलचक टेबल, त्याला पट्टे, पायाशी एक फळी. लोक कारण कळल्याशिवाय चक्कर येऊन पडतात ना, धड मेंदूत काही सापडत नाही, धड हृदयात, अशांना या टेबलावर आडवं बांधून मग टेबल जवळजवळ उभं करायचं आणि काय होतं ते बघायचं. टिल्ट टेबल टेस्ट म्हणतात तिला. थोडक्यात, माणसाला सांभाळून पाडायची तपासणी. ते त्या टेबलाचे टेक्निशियन. कोंढ्याकडच्या धानवाल्या घरातले, कोरडे, उंच, खिशाला दोन पेनं. आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पेशंट काकाजी.

त्यांचा पहिला नियम, पेशंटला सगळं सांगायचं. सगळं म्हणजे सगळं. टेबलाच्या कडेला स्टूल ओढून ते सुरू व्हायचे, "ऐका जी. सकाळपासून पोटात काई नाई ना? बरं. लघवीले जाऊन आले? मंग ठीक. हाताले एक सुई लागन, थोडी दुखन. छातीवर तारा लावीन, दंडाले बीपीचा पट्टा. पंधरा-वीस मिनिटं आडवं पडाचं, झोपाचं नाई. मंग पट्टे बांधीन, एक छातीवर, एक गुडघ्याच्या वर, म्हनजे पडले तरी खाली पडत नाई. मंग टेबल उचलीन. पाय फळीवर, आन हालाचं नाई. नाक खाजवलं तं मले सांगा, मी खाजवून देतो. अर्धा-पाऊन घंटा. काईच नाई झालं तं जिभेखाली औषध मारू, त्यानं डोकं ठनकन, छाती धडधडन. आन जर का पडाचं झालं, तं घाम येईन, मळमळन, जांभया येतीन, डोळ्यापुढे अंधार येईन. मंग तुमी जासान. मी तवाच टेबल आडवा करीन, मिनिटाभऱ्यात तुमी वापस यासान. डॉक्टरसाहेब याच खोलीत हायेत. घरी जाताना गाडी चालवाची नाई, संगं कोन आलं? विचारा आता काय विचाराचं ते."

हे सगळं रोज, प्रत्येकाला, तितक्याच सावकाश. मग नातेवाइकाला आत बोलवून पट्टा त्याच्या हातानं एकदा ओढून बघायला लावायचे. खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला होता. टेबलावरचा माणूस घड्याळाकडे बघत बसला की त्याला अर्धा तास दोन तासांचा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. आमचे डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांनाही घाई असायची. "काका, एवढं पुराण कशाला? दिवसाला चार व्हायला पाहिजेत, तुम्ही दोन करता," ते कुरकुरायचे. काका शांतपणे तारा गुंडाळत म्हणायचे, "साहेब, भेलेल्या माणसाचं बीपी त्याचं नसते. भेवाचं असते. तुमाले कोनाचं पाहिजे?" चार टेस्ट कधी झाल्या नाहीत.

दुसरा नियम आमच्यासाठी. 'काही होत नाही' हे तीन शब्द त्या खोलीत उच्चारायचे नाहीत. आम्हा नर्सेसच्या तोंडात ते बसलेले असतात, सुई टोचताना आपोआप बाहेर पडतात. मी पहिल्याच आठवड्यात एका थरथरत्या आजीबाईंना म्हणून गेले, "काही होत नाही हो आजी." टेस्ट संपल्यावर काकांनी टेबल पुसलं आणि मला म्हणाले, "पडा." मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. त्यांनी मला बांधलं, उभं केलं आणि पंधरा मिनिटं एक शब्द न बोलता समोर बसून राहिले. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. पाय जड झाले. आपलं शरीर कोणाच्या तरी हाती दिलंय आणि तो माणूस काही सांगतच नाही, हे किती वाईट असतं ते मला त्या दिवशी कळलं. खाली उतरवून त्यांनी विचारलं, "झालं का काई?" मी म्हटलं, "झालं." "मंग त्या बुडीले खोटं काहून सांगतलं?"

मला रडू आलं होतं. रागानं की शरमेनं, ते अजून ठरलेलं नाही.

रक्तदाबाचं शास्त्र ते धानाच्या बांधीवर समजावून सांगत. "मानूस उभा झाला का रगत पायात उतरते. वरच्या बांधीतलं पानी खालच्या बांधीत जाते ना, तसं. चांगल्या शरीराचा धुरा मजबूत असते, तो पानी अडवून धरते. कोनाकोनाचा धुरा मधातच फुटते. वरची बांधी कोरडी पडली का मानूस आडवा. आडवा झाला का पानी सारखं होते, मंग उठून बसते." आमच्या जिल्ह्यात धानाच्या खाचराला बांधी आणि बांधाला धुरा म्हणतात आणि तो फुटला की काय होतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांच्या समजावणीनं जे व्हायचं नाही, ते या चार वाक्यांत व्हायचं.

त्यांच्याकडे एक वही होती. टेबलावर बेशुद्ध झालेल्या माणसानं डोळे उघडले की त्याला पहिला प्रश्न, "कसं आलं?" आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत. 'कानात रेडिओची खरखर.' 'विहिरीत कोनी बोलून राहिलं असं.' 'कडेकडेनं काळं, मधात उजेड.' कवायतीत दोनदा पडलेला एक हवालदार आला होता, लाजेनं मान खाली. टेबलावर तो गेला, परत आला आणि डोळे उघडताच बांधलेल्या हातानं सॅल्यूट ठोकायचा प्रयत्न करत ओरडला, "हजर, साहेब!" काकांनी तेही टिपून घेतलं. आम्ही हसलो तर आमच्यावर डोळे वटारले.

आणि गंमत ही, की ते स्वतः आयुष्यात एकदाही बेशुद्ध पडले नव्हते. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी मशीन तपासायच्या निमित्तानं ते स्वतः टेबलावर पडायचे आणि मला चालवायला लावायचे. वर त्यांचीच तक्रार, "सिस्टर, टेबल उचलून राहिल्या ते मले सांगतलं नाई तुमी." "अहो, तुम्हीच मला शिकवलं ना!" "त्याचा काय संबंध? आता मी पेशंट आहो." पाऊण तास खांबासारखे उभे राहायचे, काहीही व्हायचं नाही, आणि खाली उतरताना चेहरा पडलेला. "लोकाले सांगतो असं होते, तसं होते. मले तं कधी झालंच नाई. म्हनून ही वही." इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे इथेच सांगून टाकते.

टेबलावर काहीच झालं नाही, तर नातेवाईक खूष होत. एकानं बाहेर जाऊन पेढेच आणले होते. काकांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "गोड आहे. पन ऐका, आज नाई आलं. म्हनजे कधीच येत नाई असं या कागदावर लिवलं नाई. साहेबाले पुढचं विचारून घ्या." त्या माणसाचा चेहरा उतरला. काकांचा नाही.

आता त्या मुलीची गोष्ट.

पवनीकडून आली होती. वैनगंगेत आणि आसपासच्या तलावांत मासे धरणाऱ्या घरातली सून, वय बाविसाच्या आसपास. सोबत सासू आणि सासूच्या कडेवर आठ महिन्यांचा मुलगा. सुनेच्या कपाळावर ताज्या जखमेचा व्रण, तीन टाके पडलेले. ती पडायची. लग्नाआधी एकदोनदा, बाळंतपणानंतर पाचसहा वेळा. शेवटच्या वेळी बाळ कडेवर होतं आणि अंगणातल्या दगडावर त्याचं डोकं आपटलं. त्या दिवसापासून सासूनं लेकरू तिच्या हातात दिलेलं नव्हतं. दूध पाजताना सासू शेजारी बसायची, पाजून झालं की उचलून घ्यायची. गावात ठरून गेलं होतं, मिरगी आहे, फेफरं. पडली की नाकाशी चप्पल धरायची आणि चप्पल हुंगवली की ती उठायची. म्हणजे मिरगीच, अजून काय पुरावा हवा?

सासू दुष्ट मुळीच नव्हती. बाळाच्या कपाळावरून तिचा अंगठा सारखा फिरत होता. "मी काय शत्रू हाओ का तिची?" ती मला म्हणाली. "पन नातू मरन ना जी माया. डॉक्टरसाहेब म्हनते, आज मशीनवर कळन. मी सांगतलं तिले, आज पडू नको. आज उभी राहिली तं लेकरू तुया हातात देईन."

तिच्या पिशवीत चप्पल होती. घातलेली नव्हे, वेगळी, जुनी. वेळ आली तर असावी म्हणून गावाहून आणलेली.

काकांनी पाय बघितले, सगळं पुराण सांगितलं, सुई लागली, वीस मिनिटं झाली, टेबल उभं झालं. मुलगी डोळे मिटून होती. तिचे ओठ पांढरे होताना बघून माझं मन भरून आलं आणि तिला बांधलेल्या पट्ट्याखाली हात घालून मी कानाशी कुजबुजले, "घट्ट राहा गं. हिंमत धर." तिनं मान हलवली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पंचवीस. बीपी थोडं घसरायचं आणि पुन्हा सावरायचं. डॉक्टर खुर्चीत चुळबुळले.

काका उकिडवे बसले आणि तिच्या पायांकडे बघू लागले. मग पोटऱ्यांना हात लावला. दगडासारख्या ताठ. मांड्या एकमेकींवर दाबलेल्या, मुठी आवळलेल्या, दात दातांवर.

"माय, तू धुरा धरून उभी आहेस," ते म्हणाले. "कोनी सांगतलं?"

मीच म्हणाले, "सासूबाईंनी सांगितलं होतं, पडू नको म्हणून. आणि काका, आत्ता मीही सांगितलं. हिंमत धर म्हणून."

आता खरपूस बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्या चेहऱ्याच्या बरोबरीला उभे राहिले. "ऐक. अंग असं आवळलं का पडनं टळते, हे तू आपल्या मनानं शिकली, हुशार आहेस. घरी हेच कामी येईन. पन इथं तू पडालेच आली आहेस. आज नाई पडली तं काहून पडते हे आमाले दिसन नाई, आन तुया माथ्यावरची मिरगी तशीच राहीन."

"पडली तं लेकरू देईन का सासू?" तिनं विचारलं.

मी मनात म्हटलं, हो म्हणा. एवढ्या वेळी तरी खोटं बोला.

"ते मी नाई सांगू शकत," काका म्हणाले. "मले मालूम नाई."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. किती वेळ कोण जाणे, घड्याळावर तर टॉवेल होता. मग तिच्या मुठी उघडल्या. पायाची बोटं, जी आत वळली होती, एक-एक करून फळीवर सपाट झाली. बाविशीतली पोर, लेकराची आशा हातातून सोडून देत होती, निव्वळ एका माणसानं खोटं सांगितलं नाही म्हणून. मला त्या क्षणी दोघांचेही पाय धरावेसे वाटले.

"सिस्टर, सासूले आत आना," ते म्हणाले. नातेवाइकाला टेस्टच्या वेळी आत घेत नसत. डॉक्टरांनी भुवई उंचावली, पण मान डोलावली. मी सासूला आणलं, बाळ बाहेर आयाजवळ दिलं. तीनचार मिनिटं गेली असतील. मुलीला जांभई आली, मग दुसरी. कपाळावर घाम. ती म्हणाली, "आला," आणि मान कलली. बीपी धाडकन खाली, नाडी मंद, मंद, आणखी मंद. काकांनी टेबल आडवं केलं. सासूचा हात पिशवीत गेलेलाच होता. चप्पल बाहेर निघाली आणि काकांनी तिचं मनगट धरलं.

"मोजा."

"अवं सोडा जी, जाईन ते!"

"मोजा म्हनतो ना. मासे मोजता तसे मोजा. मोठ्यानं."

सासू रडत मोजू लागली. एक, दोन, तीन. डॉक्टर मुलीच्या नाडीवर हात ठेवून मॉनिटर बघत होते. सात, आठ, नऊ. दहाव्याला पापणी हलली. बाराव्याला मुलीनं डोळे उघडले आणि छताकडे बघितलं. चप्पल सासूच्या हातात, हातभर दूर. सासूनं चप्पलेकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, पुन्हा चप्पलेकडे. मग तिनं ती पिशवीत न ठेवता हळूच जमिनीवर ठेवली.

"कसं आलं?" काकांनी वही काढली होती.

"भुंगा येते जी कानात. आधी लहान, मंग मोठा. मंग हात थंडे होते. मंग काई नाई."

"दरवेळी येते भुंगा?"

"दरवेळी."

"आन मंग पडेवरी किती टाइम राहते?"

"राहते थोडा. घागर भराले लागते तेवढा."

काकांचं पेन थांबलं. "एवढा टाइम राहते तं बसत काहून नाई?"

मुलीनं सासूकडे बघितलं. काकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "मामाजी असते ना समोर. पाहुने असते. बसाची कशी?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे. मोठ्या माणसांसमोर सुनेनं डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं, त्यांच्यादेखत खाली बसायचं नाही. बाळ पडलं त्या दिवशी अंगणात सोयरे बसले होते. ती दारात उभी होती, कडेवर लेकरू, कानात भुंगा. तिला कळत होतं की आपण पडणार. तरी ती उभी राहिली, कारण बसणं म्हणजे बेअदबी.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं, ही मिरगी नाही, उभं असताना नाडी आणि रक्तदाब एकदम उतरतात त्यामुळे येणारी बेशुद्धी आहे, पाणी भरपूर प्यायचं, उपाशी राहायचं नाही, आणि चाहूल लागताच बसायचं किंवा आडवं व्हायचं. सासू ऐकत होती की नाही, कळेना. ती जमिनीवरच्या त्या चप्पलेकडे बघत होती.

काकांनी मुलीला ताक पाजलं, तासभर पडू दिलं. नंतर कपाटातून एक उशी काढून तिच्या कडेवर दिली. "हे लेकरू. चाल." ती खोलीत चालू लागली. "भुंगा आला!" ती थबकली. "उभी काहून? भुंगा आला का बसाचं. बस!" ती अवघडून बसली. "हळू झालं. उठ. भुंगा आला!" असं पंधरा-वीस वेळा. कधी मला सासरा व्हायला लावलं, कधी डॉक्टरांना पाहुणा. डॉक्टर मुकाट्यानं पाहुणे होऊन खुर्चीत बसले. शेवटी शेवटी ती शब्द निघायच्या आत खाली असायची, मांडी घालून, उशी मांडीत. मला हसू येत होतं.

सासू भिंतीला टेकून सगळं बघत होती. ती उठली, बाहेर गेली, आयाकडून नातू घेतला आणि आत आली. सुनेसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "कोनाच्या बी समोर बसजो. मी पाहून घेईन त्याहिले." आणि सुनेच्या मांडीतली उशी काढून तिथं लेकरू ठेवलं.

काका निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. गावी असतात, धान बघतात. जाताना वही मला देऊन गेले. नव्या पेशंटला मी तेच पुराण सांगते, घड्याळावर टॉवेल टाकते आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्या नव्या मुलींना टेबलावर बांधते. त्या माझा राग करतात. करू देत.

पण त्यांची आठवण निघाली की मला त्यांचा निरोप समारंभ आठवत नाही. आठवते ती चार महिन्यांनी ती मुलगी पुन्हा दाखवायला आली ती सकाळ. ओपीडीची ओळ दारापर्यंत गेली होती. ती ओळीत, कडेवर पोर, तिच्या कपाळावरचा व्रण फिका पडलेला. या वेळी सासरे सोबत आले होते, टोपी, स्वच्छ धोतर, भारदस्त माणूस. डॉक्टर राउंड संपवून समोरून येत होते. मी फाइल घेऊन जवळच उभी होते आणि बघते तो तिचा चेहरा पांढराफटक. मी हाक मारणार, इतक्यात ती बसली. ओळीच्या मध्यात, सासऱ्यांच्या पायाशी, डॉक्टरांच्या वाटेत, फरशीवर खाली मांडी घालून. लेकरू मांडीत. पोर खुदकन हसलं.

ओळीत कुजबूज झाली. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. कोणीतरी म्हणालं, "बाई, उठा, खुर्ची आहे." ती उठली नाही. सासऱ्यांकडे वर बघून एवढंच म्हणाली, "भुंगा आला जी, मामाजी."

काका खोलीतून बाहेर आले. सवयीनं आधी पाय बघितले. पाय सैल होते, बोटं सपाट. मग ते तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले आणि पोराला खिशातलं पेन दिलं. त्या तिघांत सासरे एकटे उभे राहिले. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग टोपी नीट केली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि गुडघ्यावर हात टेकत सुनेच्या शेजारी खाली बसले. त्यांच्यामागची एक म्हातारी म्हणाली, "माये बी पाय दुखून राहिले," आणि तीही बसली.

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, तुमी कायले उभ्या?"

मी फाइल छातीशी धरली आणि बसले.